वाजून राह्यला ना?

माझे शेजारी गुलाबभाऊ राठोड यांचा फोन वाजला, की ते तो उचलत नाहीत. आधी समोर असेल त्याला विचारतात, "वाजून राह्यला ना?" समोरचा हो म्हणेपर्यंत फोन बंद पडतो. कुकरचंही तेच. "शिटी झाली ना?" असं विचारत ते बसतात, म्हणून बायको, म्हणजे सोनाकाकू, घरी नसल्या की त्यांच्याकडे भाताची खीर होते. "ह्या मानसाले देवानं कान निस्ते बिडी ठेवाले देले," असं सोनाकाकू म्हणतात. कान मात्र ठणठणीत आहेत. दोन डॉक्टरांनी तपासले.

त्यांचं दुसरं वेड पुस्तकांचं. भीती घालवण्याची, जुना धक्का पचवण्याची पुस्तकं. यवतमाळला गेले की एक तरी आणतात, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालतात आणि वर लिहितात: 'धडधडीसाठी', 'गर्दीसाठी'. कुणी नुसता उसासा टाकला तरी आत जाऊन पुस्तक काढून आणतात. वाचलेलं पाळतातही. जीव घाबरला की पाच वस्तू पाहायच्या, चार वस्तूंना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे, असं एका पुस्तकात आहे. एकदा भर बाजारात त्यांनी हे सुरू केलं. भाजीवाली म्हणाली, "घ्याचे असन तं घ्या बाप्पा, वांग्यायले कायले कुरवाळता?" टपरीवर आम्ही महिनाभर हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

पाच होतात, चार होतात. तीनवर ते थांबतात. "पुढचं आपल्याच्यानं नाही जमत," म्हणतात आणि पुस्तक मिटतात. का जमत नाही, ते गावात मला एकट्याला ठाऊक आहे. आता लिहूनच टाकतो, कारण तोंडी सांगून पाहिलं.

आम्ही दोघं कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होतो. मी मुकद्दम, ते मशीनवर. मशीन बंद करून बायका आत अडकलेला कापूस काढायच्या. सगळ्यांचे हात बाहेर आले, की मी दोनदा घंटा द्यायची आणि गुलाबभाऊंनी बटन दाबायचं. एका दुपारी गप्पांच्या नादात मी न पाहताच घंटा दिली. शांताबाईचा हात आत होता. तो कोपरापासून गेला.

चौकशीत मी सांगितलं, घंटा दिलीच नाही. "मले आयकू आली जी, दोन खेपा," एवढंच गुलाबभाऊ म्हणत राहिले. माझी पोरं शाळेत होती, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं. त्यांना काढलं. मी मात्र मुकद्दम म्हणूनच निवृत्त झालो.

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो स्वतःच्या कानांवर घेतला. मग एका पुस्तकात त्यांना सापडलं, की घाबरलेलं मन नसलेले आवाज ऐकतं. ती ओळ त्यांनी लाल पेन्सिलने अधोरेखित करून मला दाखवली. "पाहा मुकद्दम, माह्या मनानंच वाजवली." मी मान डोलावली.

मागच्या महिन्यात शांताबाई गेली. तिच्या तेरवीहून परतलो तो सरळ त्यांच्या अंगणात गेलो.

"गुलाबभाऊ, घंटा म्या देल्ती. खोटं बोललो म्या."

त्यांनी बिडी विझवली. मग आत गेले. मला वाटलं, काठी आणतील. पुस्तक घेऊन आले. कव्हरवर लिहिलं होतं: 'दुसऱ्याचा दोष अंगावर घेणाऱ्यांसाठी'.

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यले तुम्ही," ते म्हणाले. "जीव घाबरला तुमचा. चला, पाच वस्तू पाहा."

मी पाहिल्या. चार वस्तूंना हात लावला. चौथा त्यांचा गुडघा होता.

"आता आवाज तुमीच सांगा. माह्या कानाचा भरोसा नाही."

दूर जिनिंगमध्ये पाळी सुटल्याची घंटा दोनदा वाजली.

"घंटा झाली, गुलाबभाऊ."

"झाली ना?"

"झाली. दोन खेपा."

"मलेबी तसंच वाटलं," ते हळूच म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.