एकपासून शून्यापर्यंत

राजूर आणि पंचक्रोशीतल्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की एकानंतर दोन येतात. आमच्या शाळेत माझ्याबरोबर नोकरीला असलेले, गणित शिकवणारे वाकचौरे सर हे खुद्द पुण्याच्या काँप्युटरकडून लेखी मागवून घेत.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सर पुण्याला तीन आठवड्यांच्या वर्गाला गेले आणि फोरट्रान नावाची यंत्राची भाषा शिकून आले. म्हणजे तिच्यातलं एकच काम शिकून आले : 'एकपासून अमुकपर्यंत आकडे ओळीनं छाप.' राजुरात तेव्हा टाइपरायटर एकच होता आणि त्याचा 'क' उमटत नसे, काँप्युटर कुठला? सर कागदावर चार ओळी लिहून पुण्यातल्या भाच्याला धाडत. तो त्या यंत्राला घाली. पंधरा दिवसांनी एसटीनं भेंडोळं येई. सर ते बोट फिरवत तपासत आणि ओरडत, "एकही चुकला नाही!"

"येवढं तर आमची म्हातारी बी मोजती," शाळेची शिपाईण सखूबाई म्हणे.

"हजारापर्यंत? न कंटाळता?"

"कंटाळती. पर पंधरा दिस लावत न्हाई."

शेवटचा आकडा सांगितल्याशिवाय यंत्र हलत नाही, म्हणून सर जगालाही हलू देत नसत. आमच्याकडे जेवायला आले आणि हिनं भाताचा डाव उचलला, की "वहिनी, थांबायचं कुठं ते आधी सांगा!" एका लग्नात त्यांनी हेच भटजींना विचारलं. भटजी तिसऱ्या मंगलाष्टकातच थांबले.

अकरावीच्या बीजगणिताच्या मुलांचे हजेरी क्रमांकसुद्धा दर जूनला पुण्याहून छापून येत. त्र्याहत्तर साली मात्र झाडून साऱ्या मुलांनी सोपं अंकगणित घेतलं. बीजगणिताला एक नाव नाही.

"महिनाअखेर एक तरी नाव आणा," हेडमास्तर म्हणाले. "नाहीतर तो तास बंद. तुम्ही शेती शिकवा."

भोपळा वेलाला लागतो की झाडाला, हे सरांना ठाऊक नव्हतं. पण खरं दुखणं वेगळं होतं. घरी दुसरं माणूस नाही. वीस वर्षं त्यांचं दिवसाचं सगळं बोलणं त्या एका तासात व्हायचं.

सरांनी हट्टानं त्या वर्षीचेही हजेरी क्रमांक पुण्याहून मागवले : एकपासून शून्यापर्यंत. कागद आला. त्यावर एकच आकडा होता. एक.

"फोरट्रानची खोडच आहे," सर मला म्हणाले. "आधी एक फेरी मारते, मग बघते थांबायचं कुठं." चष्मा पुसला. "यंत्र एक म्हणतंय. नाही म्हणणारा मी कोण?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी व्हरांड्यातून जाताना बघितलं. रिकाम्या वर्गात सर हजेरीपट उघडून उभे. त्यात तो छापील आकडा कापून डकवलेला, पुढं नावाची जागा कोरी.

"नंबर एक," सर म्हणाले. थांबले. मग जरा हळू, "नंबर एक?"

माझ्या मागून केरसुणी घेऊन आलेल्या सखूबाईला काही राहवलं नाही.

"हजर हाय की सर! तेवढा वर्ग झाडून हुईस्तवर दम धरा!"