अंतोनकाका आणि मोकळे हात

अंतोनकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात एक तान्हं मूल दिलं. ते मूल माझं नव्हतं, त्यांचंही नव्हतं.

मी तेव्हा पुण्याजवळच्या माणला नवीनच राहायला आले होते, कंपनी जवळ पडते म्हणून. दर रविवारी गावाहून आईचा फोन यायचा, "मिस्सेला गेलीस का गं?" दर वेळी थापा मारून कंटाळा आला, म्हणून म्हटलं एकदा चर्चला जाऊनच येऊ. बेत साधा होता. शेवटच्या रांगेत बसायचं, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आणि सटकायचं.

आमचं चर्च म्हणजे भाड्याची पत्र्याची शेड. दारात पांढऱ्या मिशांचे एक बुटके गृहस्थ उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात मोकळे हायेत न्हवं? मग धरा ह्ये," म्हणाले आणि कडेवरचं मूल माझ्याकडे देऊन चालायला लागले. मुलाची आई पुढे वाचन करायला गेली होती. आता परक्याचं लेकरू घेऊन सटकणार कुठे? बसले मुकाट्याने. त्याने माझ्या ओढणीवर दूध काढलं, तेही शांतीच्या प्रार्थनेला.

नंतर कळलं, हे अंतोन साळवे. पिरंगुटच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये उभा जन्म काढलेला. आता निवृत्त, नेऱ्याला एका खोलीत एकटेच राहतात. फादर मिस्सा करतात, बाकी सगळं अंतोनकाका करवून घेतात. 'करतात' नव्हे हं, 'करवून घेतात'. नवा चेहरा दिसला रे दिसला की काकांचं ठरलेलं वाक्य येणार, "हात मोकळे हायेत न्हवं?" मग झाडू, सतरंजी, मेणबत्त्यांचा खोका, गाण्यांची पुस्तकं, जे सापडेल ते त्या हातात.

एकदा एका मोठ्या कंपनीतले साहेब आले. हाताखाली अख्खा मजला असलेला माणूस. काकांनी त्यांना चपलांच्या रांगा लावायला बसवलं. मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक! तर पुढच्या रविवारी साहेब सगळ्यांच्या आधी हजर, वर तक्रार, "लोक सॅन्डल कशाही भिरकावतात हो!" पुण्याहून मोठे फादर पाहुणे आले, त्यांच्याही हातात चहाची किटली. ते बिचारे हसत हसत सगळ्यांना चहा वाढत फिरले.

खुर्च्यांचं तर विचारूच नका. शनिवारी संध्याकाळी काका सुतळी लावून रांगा आखायचे. दाराजवळची रांग मात्र मांडायचीच नाही. "ती म्हंजी पळवाट," ते म्हणायचे.

"अहो काका, बसू द्या की लोकांना निवांत," मी एकदा म्हटलं.

"निवांत बसल्याला मानूस पुढल्या ऐतवारी दिसत न्हाई, पोरी. लई बघितल्यात."

मुलावरून मी खुर्च्यांवर आले, खुर्च्यांवरून वाचनावर. वर्ष कधी सरलं कळलंच नाही. आईनेसुद्धा "मिस्सेला गेलीस का" विचारणं सोडून "गावाकडं कधी येतेस" विचारायला सुरुवात केली. आणि दुसऱ्या वर्षी काकांनी माझ्या हातात ऑक्टोबरची यादी दिली.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी जाते. सगळे तिथे जमतात, जपमाळ होते, चहा-चणे होतात. मूर्ती रात्रभर त्या घरी राहते आणि दुसऱ्या दिवशी घरचीच माणसं ती पुढच्या घरी पोचवतात. काका प्रत्येक घरी सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि यजमानालाच सूचना द्यायचे, "पोहे झाकून ठिवा. आधी जप, मग पोट."

यादी लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, सगळ्यांची घरं आहेत, काकांचं नाही. शेवटच्या दिवशी नुसतं 'चर्च' लिहिलेलं. मागच्या वर्षीही तसंच होतं.

"काका, तुमचं घर?"

"लांब हाय."

नेरे कुठलं लांब? तसं म्हटल्यावर रस्ता खराब झाला. रस्ता परवाच केलाय म्हटल्यावर खोली लहान झाली. मलाही चेव चढला. शेवटच्या दिवसापुढे मी त्यांचं नाव घातलं आणि यादी ग्रुपवर टाकून मोकळी झाले. काकांकडे बटणांचा फोन, त्यांना मीच रविवारी सांगितलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत, चेहरा एवढासा झाला. "इचारायचं तरी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला काहीच काम दिलं नाही. मिस्साभर मी मोकळे हात घेऊन बसले, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

शेवटच्या दिवशी मी कंपनीतून लवकर निघून नेऱ्याला गेले. खोली लख्ख सारवल्यासारखी पुसलेली. टेबलावर पांढरा कपडा, झेंडूची फुलं. आणि समोर खुर्च्या तीन. दर शनिवारी सुतळी लावून अकरा रांगा मांडणाऱ्या माणसाने मोजून तीन खुर्च्या मांडल्या होत्या.

"काका, तीनच?"

"बास झाल्या." ते दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमची मंडळी वारली तवा आमी हितं नवीनच हुतो. मी मागं बसायचो, मिस्सा झाली का निघायचो. कुनाची वळख न्हाई, कुनाला नाव ठावं न्हाई. तिच्या मयताला चौघं हुतो बघ. फादर, मी, घरमालक अन् त्येंचा भाऊ. खांदा द्यायला फादर लागलं."

मी टेबलावरची झेंडूची फुलं उगाच सारखी केली.

"म्हनून नाव घालत नव्हतो गं. मांडून ठिवायचं, अन् कुनी आलंच न्हाई तर?"

तेवढ्यात गल्लीत गाणं ऐकू आलं. दारात जाऊन बघते तर चपलावाले साहेब सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मागे ते बाळ, आता चालणारं, आईचं बोट धरून. त्यांच्या मागे जवळजवळ अख्खी शेड. शेजारपाजारचे लोक दारात आले. घरमालकांनी हाक मारली, "आवो साळवे, आमच्या अंगनात बसवा की मंडळींना!" आणि स्वतःच सतरंजी अंथरायला लागले.

काका उंबऱ्यात नुसते उभे. सूचना नाही, आरडाओरडा नाही. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. आदल्या घरच्या बाईंनी टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती माझ्याकडे दिली. मी काकांपुढे गेले.

"काका, हात मोकळे आहेत न्हवं? मग धरा."

त्यांनी मूर्ती घेतली. तान्ह्या मुलाला घ्यावं तशी छातीशी घेतली. जपमाळ सुरू झाली. पहिल्या दहा मण्यांचा जप संपला तरी ती त्यांच्या हातातच होती. मी हळूच म्हटलं, "टेबलावर ठेवा ना आता. हात दुखतील."

"र्‍हाऊ दे गं पोरी," काका म्हणाले. "जरा हातात र्‍हाऊ दे."