श्वास इथं सोडून जा

मुश्ताक सरांच्या घरून कुणालाही सरळ निघता येत नसे. चहा झाला, चपला पायात सरकवल्या, की सर हात धरून अंगणातल्या सीताफळाखाली उभं करायचे. "हं, लांब श्वास सोडा. मंग जा."

नवा जावई असो नाहीतर गॅसवाला, सुटका नाही. एकदा निवडणुकीचा एक उमेदवार मतं मागायला आला, तर सरांनी त्याला कार्यकर्त्यांसकट झाडाखाली फुंकायला लावलं. वर म्हणाले, "साहेब, इतक्या दिवसांत तुमची हवा पहिल्यांदा कामी आली!"

मी तेव्हा बदनापुरात त्यांच्या शेजारी राहायचो आणि नोकरीला रोज रेल्वेनं जालन्याला जायचो. या श्वासापायी माझी गाडी कितीदा हुकली, ते आमच्या साहेबांना काही केल्या पटायचं नाही. आता जालन्यातच फ्लॅट घेतलाय. निघताना कुणी अडवत नाही, आणि खरं सांगतो, त्याचंच वाईट वाटतं.

सर विज्ञानाचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. "आपण सोडलेल्या हवेतला कार्बन पानं खातेत. त्याचीच साखर, त्याचंच लाकूड. झाड मातीपेक्षा हवाच जास्त खातंय, बिलकुल!" गल्लीत कुणी पाला पेटवला की सर बादली घेऊन हजर. सीताफळं पिकली की घरोघर वाटायचे. "घ्या, ह्याच्यात तुमीबी हाव." पहिल्यांदा हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी तोंडाशी नेलेली फोड परत ताटलीत ठेवली होती.

एका हिवाळ्यात त्यांचा शेतकरी दोस्त नामदेवराव हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला. मुळासकट उपटलेले. सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, कापायचे ना! ह्या मुळांच्या गाठीत जिवाणू ऱ्हातेत. हवेतला नत्र धरून जमिनीला जेवू घालतेत. तू तर स्वयंपाकीणच उचलून आणली!"

नामदेवरावानं शांतपणे घाटा सोलला. "मंग खायचं का न्हाई, तेवढं सांगा."

"खा," सर म्हणाले, आणि सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ले. मुळं मात्र झाडाच्या आळ्यात गेली.

सरांची एकुलती एक मुलगी नसरीन. कॅनडात नर्स. आई गेली तेव्हा येऊन गेली, त्यानंतर तिचं येणं झालं नव्हतं. एका वर्षी मात्र सीताफळाच्या दिवसांत येते म्हणाली. सरांनी घराला रंग दिला, तिची खोली झाडून घेतली, आणि त्या मोसमात गल्लीला एकही फळ मिळालं नाही. "बेटी येऊन राह्यली. पहिलं फळ तिचं."

तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. सर फक्त "हां, हां" करत होते.

"छुट्टी नहीं मिली? कोई बात नहीं, बेटा. काम पहले," ते म्हणाले. मग उठले, फोन हातात धरून झाडाखाली गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी एक फांदी खाली ओढली आणि फोन स्पीकरवर टाकून पानांजवळ नेला. "बेटा, एक लंबी सांस छोड."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, फोनमधून हवा येते का?"

त्यांनी फोनवर तळहात ठेवला. चिडले नाहीत. "न्हाई येत, मालूम हाय मला. पण तिनं तिकडं सोडलेली हवा फिरत फिरत कधीतरी इकडं येतीच. हवेला काय सुट्टी मागावी लागती व्हय?"

त्यांनी हात काढला. "हां बेटा, छोड."

पलीकडून एक श्वास ऐकू आला. लांब होता, पण मधेच फुटला.

"पोंच गया, बेटा," सर फांदी घट्ट धरून म्हणाले. "पोंच गया. अब रोना नक्को."