मेण, मेंढी आणि विमलबाई

ईरा आणि नील,

परवा फोनवर ईराने विचारलं, "आजी, माझी त्वचा फार कोरडी पडलीय, काहीही लावलं की आग होते. तिकडे काही मिळतं का? ज्यात प्राण्यांचं काही नाही आणि डबीसुद्धा कचऱ्यात जाणार नाही, असं?" मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवून हसत बसले. आजोबांनी पेपर खाली करून माझ्याकडे काळजीने पाहिलं. हसू यायचं कारण, हाच प्रश्न घेऊन आमच्या शेजारच्या विमलबाईने गेल्या उन्हाळ्यात चंद्रपुरातल्या निम्म्या औषध दुकानदारांचं जगणं अवघड केलं होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडूनच येतं, म्हणून आज तिच्याबद्दल लिहिते.

विमलबाई दुकानात गेली की काउंटरवरची क्रीमची डबी उलटी करते, पिशवीतून भिंग काढते, मागची बारीक अक्षरं वाचते आणि विचारते, "याच्यात कोणाचा जीव गेला, सांग."

"सिस्टर, कोल्ड क्रीम हाय. जीव कायले जाईन कोणाचा?"

"हे लॅनोलिन कोणाचं? तुह्या बापाच्या डोक्याचं? मेंढीच्या लोकरीचं होय ते."

"लोकर काढल्यानं मेंढी मरत नाई, सिस्टर."

"तिले इचारलं होतं का कापाच्या आंधी?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली.

"आन् हे स्टिअरिक ॲसिड? चरबीचं का झाडाच्या तेलाचं?"

"ते कंपनीले मालूम."

"डबी इकून तू राह्यला ना? मंग तुले काऊन मालूम नाई?"

तिला दुकानाबाहेर काढायची कोणाची हिंमत नाही. सावली गावच्या सरकारी दवाखान्यात तिने सारी नोकरी नर्स म्हणून केली आणि इकडच्या बऱ्याच जणांनी लहानपणी तिच्याच हातून सुई टोचून घेतलेली आहे. अजून सगळे तिला सिस्टरच म्हणतात. तिच्या बोलण्याला तुम्ही हसाल, म्हणून सांगून ठेवते. इकडच्या बायका "मी जातो, मी खातो" असंच म्हणतात. पुण्याच्या तुमच्या काकूला ते चुकीचं वाटतं. मला काकूचं वाटणं चुकीचं वाटतं.

प्लास्टिकवर तिचा वेगळा राग. "बाटलीवर हिरवं पान छापते, बाटली पिलास्टिकची, बाटलीले खोका, खोक्याले पन्नी. आन् म्हणे निसर्ग." ती दुकानात स्टीलची डबी घेऊन जायची आणि क्रीम तिच्यात काढून द्या म्हणायची. कोणी दिलं नाही. या बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूने आहे. आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर संध्याकाळपर्यंत कोळशाची काजळी बसते, आणि हे लोक आम्हाला पानाचं चित्र दाखवतात.

मला वाटलं, बाईने मांसाहार सोडला. तसं मी तुमच्या आजोबांना जाहीरही केलं. त्याच रविवारी ती मटणाची पिशवी घेऊन फाटकातून येताना दिसली. मी विचारलं, "विमलबाई, हे काय?"

"काय म्हणजे? मटण."

"आणि तो मेंढीचा कळवळा?"

"मी खातो, मॅडम, पण खातो म्हणून सांगतो. पानाचं चित्र दाखवून बकरा खाऊ नाई घालत कोणाले."

काही दिवसांनी पाहिलं तर तिच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, लाल चट्टे उठले होते. काही गोल, काही लांबट. मी काळजीने विचारलं तर म्हणाली, रोज एक नवीन क्रीम लावून पाहते आहे. "ज्यानं मले आग होते, त्यानं तिले होईनच. तिची कातडी माहीच कातडी होय."

तिची, म्हणजे प्रज्ञाची. विमलबाईची एकुलती एक मुलगी, बंगळुरूला नोकरी करते. लहानपणापासून हातापायांना भेगा, उन्हाळ्यात वर खाज. तिकडे गेल्यावर तिने दूध, तूप, मध, रेशीम सगळं सोडलं, अगदी चामड्याच्या चपलेपर्यंत. विमलबाई मला म्हणाली होती, "पोट्टी शिकली आन् चहात नारळाचं दूध टाकाले लागली." पण मुलगी बरेच दिवस घरी का आली नव्हती, ते मला माहीत नव्हतं. चट्ट्यांची गोष्ट निघाली त्या दिवशी विमलबाई कपडे वाळत घालत होती. घालता घालता तिने सांगितलं.

"मागच्या खेपेले आली तं हाताले या भेगा. लहानपणी तुपानं बरी व्हायची. मी खोबरेलात तूप मिसळलं आन् म्हटलं, निवळ खोबरेल हाय. दोन दिवस लावलं."

"मग तिला कळलं कसं?"

"मांजरीनं तिचं कोपर चाटलं."

मी हसू दाबलं. तिने ते पाहिलं.

"हासा, मॅडम. मीही हासलो होतो. म्हटलं, पाह्य, मांजरीले बी आवडलं. ती नाई हासली. भांडली असती तं बरं झालं असतं. एवढंच म्हणे, मम्मी, तू मले इचारायचं असतं. आन् दुसऱ्या दिवशीची गाडी धरली. आता एवढ्या दिवसानं येतो म्हणते."

"मग त्या दुकानदारांवर का चिडता एवढं?"

"खोटं सांगून लावाले देतेत ना," ती म्हणाली, आणि एकदम थांबली. मग पिळलेलाच टॉवेल पुन्हा पिळू लागली.

बाजारात शेवटी काही मिळालं नाही. जे निर्दोष होतं त्यात इतका सुगंध घातलेला, की तिच्या हातावर आणखी एक चट्टा. तेव्हा तिने भावाला निरोप धाडला. तो वैनगंगेच्या काठी धान पिकवतो आणि त्याच्या गावात अजून तेलाचा घाणा आहे. तिथून मोहाच्या बियांचं तेल आलं. ईरा, तुझं उत्तर मध्येच देऊन टाकते: हे तेल. वास उग्र आहे, दोन दिवसांत सवय होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून रात्रभर थांब. विमलबाईच्या हातावर चट्टा उठला नाही ते एवढंच.

पण हे तेल थंडीत लोण्यासारखं थिजतं आणि उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहतं. एप्रिल चालू होता. आमच्या एप्रिलमध्ये घट्ट राहणारी एकच वस्तू म्हणजे विमलबाईचं मत. आणि तिचं मत असं, की क्रीम क्रीमसारखं दिसलं पाहिजे. "नाई तं पोरगी म्हणन, मायनं तेलाचा डबा हातात देल्ला." तिने गडचिरोलीच्या बाजारातून आणलेला मेणाचा गोळा काढला, तेलात वितळवला, स्टीलच्या डब्यांत ओतला. फार सुंदर जमलं होतं. पिवळसर, मऊ, बोटाने उचललं की रेघ उठणारं. डब्या घेऊन ती माझ्याकडे आली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "विमलबाई, मेण मधमाश्यांचं असतं."

"पोळं कुठी राहते?"

"झाडावर."

"मंग ते झाडाचंच नाई का? डिंकासारखं."

"डिंक झाडातून येतो. मेण माशीच्या अंगातून येतं."

"माशीचा जीव जाते का?"

"कधी कधी जातो. पोळ्याखाली धूर करतात ना. प्रज्ञा मध खात नाही, मग मेण कसं चालेल?"

तिने डब्यांकडे पाहिलं. मला तिची दया आली, आणि मी, जिने आयुष्यभर शाळेत पोरांना परीक्षेत नक्कल करू नका म्हणून शिकवलं, ती म्हणाले, "जाऊ द्या. तिला काय कळणार आहे? ह्याला मांजर चाटणार नाही."

विमलबाई माझ्यावर जी उसळली, तशी दुकानदारांवरही कधी उसळली नसेल. "तुमी शिकल्या-सवरल्या बाई आन् मले हे सांगता? तिले नाई कळणार. मले तं कळते. पुन्हा तेच करू? पुन्हा तिच्या तोंडाकडं पाहून खोटं बोलू?" डब्या तिने माझ्या ओट्यावर आदळल्या. "हे भाऊच्या टाचांले लावा. त्यायले माशीचं चालते." आणि तरातरा निघून गेली.

तुमच्या आजोबांच्या टाचा त्या उन्हाळ्यात जितक्या मऊ होत्या, तितक्या लग्नातही नव्हत्या.

प्रज्ञा आली त्या संध्याकाळी मी कैरीचं पन्हं घेऊन गेले. मुलगी नुकतीच आत आली होती, बॅग खांद्यावरच. हातांवर त्याच भेगा, उन्हाने लाल झालेल्या. विमलबाई स्टीलचा डबा घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी सांगत होती, "मोहाचं तेल हाय. दुसरं काईच नाई. पहिले मेण टाकलं होतं, मले वाटलं झाडाचं, मंग मॅडम म्हणे माशीचं, मंग ते मॅडमच्या घरी देल्लं. हे दुसरं हाय. पातळ हाय, पण घाणा मामाच्या गावचा हाय, तिथं तुपाचा डबा बी नाई. तू मामाले फोन करून इचार..."

प्रज्ञाने बॅग खाली ठेवली, बाह्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात आईपुढे धरले.

"लाव," ती म्हणाली.

"आंधी ऐकून तं घे, त्याच्यात..."

"मम्मी, लाव ना."

विमलबाई लावू लागली. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाणारा तिचा आवाज पार बसला होता. चोळता चोळता तिने एकदाच विचारलं, "आग होते का?" प्रज्ञाने नाही म्हणून मान हलवली. मी पन्हं टेबलावर ठेवलं आणि घरी आले.

भेगा पूर्ण गेल्या असं नाही. असली त्वचा जन्माची सोबत असते, ईरा, ती सांभाळावी लागते. प्रज्ञा दिवाळीत पुन्हा आली होती. विमलबाईचं दुकानदारांशी भांडण चालूच आहे. आणि रोज संध्याकाळी प्रज्ञाचा फोन येतो, मायलेकी बराच वेळ बोलतात, मला ते भिंतीपलीकडून ऐकू येतं.