सावंतबाई आणि मोरीची कडी

कोणाच्याही घरी गेल्यावर सावंतबाई आधी पाणी मागत नाहीत. चपला काढता काढता म्हणतात, "आधी मोरी दाखवा." बोरिवलीच्या टॉवरमधलं चकाचक बाथरूमही त्यांच्या लेखी मोरीच. आत जातात, कडी लावतात, दार गदागदा हलवतात आणि बाहेर येऊन मग चहाला हो म्हणतात.

बाई आणि मी एकाच कार्यालयात परिवीक्षा अधिकारी. गुन्हा शाबित झालेल्या माणसाला तुरुंगात धाडावं की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडावं, याचा अहवाल आम्ही कोर्टाला देतो. बायकोला मारणारे आमच्याकडे पुष्कळ. त्यांच्यासाठी वरून छापील प्रश्नावली आलीय.

"राग येतो?"

"छे हो साहेब."

"दारू?"

"तीर्थाशिवाय काही घेत नाही."

प्रश्नावली संपेपर्यंत समोर साक्षात संत बसलेला असतो. बाई तीही इमानेइतबारे भरतात आणि उठतात. "झालं भजन. आता मोरी."

एकदा भाचीसाठी स्थळ बघायला मुलुंडला गेल्या आणि तिथली कडी इतक्या जोरात तपासली की आतच अडकल्या. मुलाचे वडील स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराशी झटताहेत, भाची लाजेने अर्धमेली झालीय, आणि आतून बाईंचा आनंदी आवाज, "स्थळ झकास आहे गो! कडी हलत नाही!" लग्न ठरलं. कसं ते मला अजून कळलेलं नाही.

परवा आम्ही घाटकोपरला सुनंदाकडे गेलो. तिचा नवरा निकाल होईपर्यंत गोवंडीला भावाकडे राहत होता. त्याला घरी येऊ द्यायचं का, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. आम्ही येणार म्हणून तो खास आला होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. बाईंच्या पाया पडला, स्वतः आलं घालून चहा टाकला. मी तर विरघळलोच.

"एकदाच हात उचलला हो त्यांनी," सुनंदा त्याच्याकडे बघत म्हणाली. "येऊ द्या त्यांना."

तेवढ्यात मोरीतून हाक आली, "कांबळ्या, इकडे ये रे."

दाराला आतून कोरी कडी होती. तिच्याखाली पुट्टीचा गोळा, त्याखाली आणखी एक, मग फाटलेलं लाकूड. कडी उखडली की नवी वेगळ्या जागी बसवलेली.

"पावसात दार फुगतं, मॅडम," नवरा हसत म्हणाला.

"पाऊस लाथा मारता काय रे, मेल्या?"

त्याचं हसू मावळलं. सुनंदा दाराकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. "कडी मीच बसवून घ्यायचे," ती म्हणाली. या वेळी तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. बाईंनी तिला जवळ घेतलं. त्याला घरी पाठवू नये, असा अहवाल आम्ही त्याच दुपारी लिहिला.

संध्याकाळी बाईंना सोडायला भांडुपला त्यांच्या घरी गेलो. आईबापांची जुनी खोली, आता त्या एकट्याच राहतात. एवढ्या वर्षांचा सूड उगवायची संधी मी सोडतो होय? दारातच म्हणालो, "आधी मोरी दाखवा."

"जा, बघ," बाई हसल्या.

मोरीच्या दाराला दोन कड्या. एक नेहमीच्या जागी, दुसरी पार खाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. पितळेची, लखलखीत.

"ही काय मांजरासाठी?"

"माझी ती," बाई म्हणाल्या. "वरच्या कडीला हात पोचायचा नाही. बाबा पिऊन आले की आई मला आत ढकलायची. 'लाव गो कडी' म्हणायची."

कुठून तोंड उघडलं असं झालं. तरी विचारलंच, "आणि आई?"

"ती बाहेर."

बाईंनी खोबरेलाची बाटली घेतली, बोटाने त्या खालच्या कडीला तेल लावलं आणि ती सरकवून बघितली.

"तेव्हा आमच्याकडे कोणी मोरी बघायला आलं नाही रे," त्या म्हणाल्या.