हंडे घेऊन या

दमयंतीबाई कन्नडकरांनी सुनेला घातलेली अट साधीच होती. "उद्घाटनात एक जरी घोळ झाला, तर तुझं ते ब्लॉग का काय ते बंद. एका हातानं चटणी अन् दुसऱ्या हातानं मोबाइल, असं जमायचं नाही. सांगून ठेवते."

सावनीने मान डोलावली. चटण्यांचा धंदा तिला हवाच होता. सासूच्या हातची कारळाची चटणी आणि लाल मिरचीचा ठेचा पार गुलमंडीच्या बाजारापर्यंत पोचवायचा, ही कल्पनाही तिचीच. पण ब्लॉग म्हणजे तिचा जीव होता. 'वाळवण' नाव त्याचं. त्यात ती मनापासून लिहायची: गच्चीवरचं ऊन, सासऱ्यांची वामकुक्षी, डोळे मिटून चटणी चाखणारी सासू. वाचक मोजून दोन. एक पुण्याची बहीण आणि दुसरा नवरा विश्वजित. तोही पानात भाजी पडण्याआधी विचारलं, तरच "वाचलं, वाचलं" म्हणणारा.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं, त्या उन्हाळ्यात मात्र हे वाचक एकदम वाढले. औरंगाबाद शहर बायपास ओलांडून डोंगराच्या पायथ्याला जाऊन भिडलं होतं. बंगले आले, अपार्टमेंटं आली, नळ तेवढा वाटेत कुठेतरी थांबला. सगळी कॉलनी टँकरवर जगत होती. तो टँकर उभा राहायचा कन्नडकरांच्या दारातल्या कडुलिंबाच्या सावलीत, आणि टँकरवाला बन्सी आदल्या दिवशीच सासऱ्यांना, म्हणजे केशवरावांना, फोन करून वेळ सांगायचा. ती वेळ सावनी आपल्या लेखाच्या शीर्षकात टाकू लागली आणि बघता बघता सगळी कॉलनी 'वाळवण' वाचू लागली. म्हणजे शीर्षकच. खाली तिने काळीज ओतलं तरी तिथवर कुणी उतरत नसे, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

लिहिण्याची तिची रीत ठरलेली होती. मागचा लेख उघडायचा, मजकूर पुसायचा, नवा टाकायचा आणि शीर्षक बदलायचं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तिने आमंत्रणही तसंच टाकायला घेतलं. फोटो टाकला, दोन छान ओळी लिहिल्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "सावनी! तीळ करपायलेत!"

तिने घाईघाईने बटण दाबलं आणि धावली. तीळ वाचले, शीर्षक मात्र बदलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली छोटा मांडव पडला. टेबलावर चटण्यांच्या बरण्या मांडल्या, लाल फीत बांधली. माजी नगरसेवक काकासाहेब फीत कापायला येणार होते. केशवराव मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघून उसासे टाकत होते. "मुहूर्त दहाचा काढलास, पण आपली माणसं बाराशिवाय हलायची नाहीत बघ."

"आल्या की!" दमयंतीबाई आनंदाने ओरडल्या.

कोपऱ्यावरून बायकांचा लोंढाच येत होता. दमयंतीबाईंनी पदर सारखा केला, हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि मग त्यांना नीट दिसलं. प्रत्येकीच्या कमरेवर हंडा होता. काहींच्या डोक्यावर आणखी एक. एक तर स्कूटीवर निळा ड्रम बांधून आली होती.

"ही आहेराची कुठली पद्धत म्हणायची?" केशवराव पुटपुटले.

मागच्या गल्लीतल्या सारजाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांचा आवाज कॉलनीत भोंग्यासारखा वापरला जाई. "टँकर कुठंय वं ताई? परवाच येऊन गेला, अन् आज परत यायलाय म्हून लई खूश झालो व्हतो आम्ही."

सावनीने मोबाइल उघडला. शीर्षक जुनंच राहिलं होतं. 'उद्या सकाळी दहाला टँकर. हंडे घेऊन या.' त्याखाली बरण्यांचा सुरेख फोटो होता आणि त्याखाली तिने रंगवून लिहिलेलं आमंत्रण.

दमयंतीबाईंनी तिच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "घोळ," एवढंच म्हणाल्या.

सावनीला तिथल्या तिथे रडू फुटणार होतं, पण सासूबाईंनी तिला वेळच दिला नाही. "आलेल्या बायकांना तसंच माघारी धाडायचं नसतं. भाकरीचे तुकडे कर. ठेचा काढ."

तुकडे वाटले गेले. बायकांची कुरकुर थांबली. "झ्याक हाय व्हय!" म्हणत सारजाबाईंनी दुसऱ्यांदा हात पुढे केला. पण दमयंतीबाईंच्या ठेच्याची एक खोड होती. तो आधी नुसती चव द्यायचा आणि मग सावकाश हिशेब मागायचा. पहिल्यांदा स्कूटीवालीने नाक ओढलं. मग एकेकीचे डोळे वाहू लागले.

"पाणी!"

घरातला तांब्या फिरला आणि चौघींत संपला. पिंपाने कधीच तळ गाठला होता.

"पाणी द्या वं माय! पाणी!"

नेमक्या त्याच क्षणी काकासाहेबांची जीप दारात थांबली. महिला उद्योगावरचं भाषण घोकत ते खाली उतरले आणि जागीच खिळले. समोर रिकाम्या हंड्यांची गर्दी, लाल डोळे, गालांवरून ओघळणारी आसवं आणि एकच आक्रोश, पाणी, पाणी! शिवाय विश्वजित मोबाइल रोखून सगळ्याचं चित्रण करत होता, कारण त्याला तेवढंच काम दिलं होतं.

काकासाहेबांचा चेहरा पडला. "कन्नडकर, फीत कापायला बोलवून हंडा मोर्चा लावला का तुम्ही माझ्यावर?"

केशवरावांनी 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं. पण बायको वाटते आहे म्हणून त्यांनीही एक तुकडा खाल्ला होता. तोंडातून शब्द आला नाही, डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी आलं.

"बस करा," काकासाहेब हात जोडून म्हणाले, "तहसीलमधून निवृत्त झालेला माणूस असा रडायलाय, माझ्यानं बघवत नाही." त्यांनी फोन लावला. "हॅलो! दोन टँकर पाठवा. आत्ताच्या आत्ता!"

सारजाबाईंची जीभ पोळली असली तरी डोकं थंड होतं. त्यांनी हंड्यावर थाप मारली. "आजचं नाय चालायचं! एक दिवसाआड पायजे!"

"एक दिवसाआड," काकासाहेब विश्वजितच्या मोबाइलकडे बघत म्हणाले. निवडणूक फार लांब नव्हती.

टँकर आले. पुढच्याच्या खिडकीतून बन्सी डोकं काढून विचारत होता, "आज माझी पाळी नव्हती की! काय झालं काय?" एकीकडे पाइप सुटला, एकीकडे फीत कापली गेली. रांगेत उभं राहून जिभा निवल्यावर बायकांना ठेच्याची आठवण झाली. "त्यो रडवणारा द्या वं एक," सारजाबाईंनी सुरुवात केली. दुपारच्या जेवणाआधी टेबल रिकामं झालं.

संध्याकाळी सावनी सासूजवळ जाऊन बसली. दमयंतीबाई रिकाम्या झालेल्या मोठ्या बरण्या धूत होत्या, तेही मनसोक्त पाण्याने.

"आई, अट म्हणजे अट. ब्लॉग बंद करते मी."

"का म्हणून?"

"घोळ झाला ना."

"कुठं झाला? दहाला टँकर येणार म्हणून लिहिलंस, अकराच्या आत आला. बन्सी इतक्या वेळेवर कधी आला होता?" दमयंतीबाईंनी एक बरणी उपडी घातली. "अन् बंद केलास तर मी दुपारचं काय वाचू? मी चटणी चाखताना डोळे मिटते, तेव्हा कुणाची सासू वाटत नाही, नुसती एक खूश बाई वाटते, असं लिहिलंस ना मागं? ते मी तीनदा वाचलं."

सावनी बघतच राहिली. "तुम्ही वाचता? खालचं?"

"खालचंच वाचते. टँकर आपल्या दारात उभा राहतो. मला शीर्षक काय करायचंय?"

सावनीचे डोळे एकदम भरून आले. दिवसभराच्या सवयीने दमयंतीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"घे. तू पण खाल्लास का ठेचा?"