महाराजांचं सूत्र आणि लोखंडी कपाट

आजींचं ऐकायचं यंत्र लोखंडी कपाटामागे पडलं तेव्हा पाच वाजायला चाळीस मिनिटं होती. पाचला दूरदेशी राहणाऱ्या नातीचा फोन यायचा होता आणि चार वर्षांची पणती आजींनीच शिकवलेलं देवाचं गाणं पहिल्यांदा सबंध म्हणून दाखवणार होती. आजी आठवडाभर त्या एका गोष्टीवर जगत होत्या. आणि यंत्राशिवाय त्यांच्या कानाशी नगारा वाजवला असता तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं.

कपाटामागे जेमतेम बोटभर फट. सून काठी शोधायला निघाली, तोच तिचे यजमान म्हणाले, "काठी कशाला? कपाटच सरकवू." त्यांच्या डोळ्यांतली चमक पाहून तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे महाराज म्हणत. घर्षण हा त्यांचा विषय. त्यावर बोलायला उभे राहिले की आधी सिद्धान्त, मग निरूपण, मग दृष्टान्त. ऐकणारे नकळत माना डोलवत. जगातल्या कुठल्याही दोन पृष्ठभागांना लागू पडेल असं एकच सूत्र मांडण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. वेग, वंगण, वस्तू किती काळ एका जागी बसून आहे, सगळं त्यात होतं.

आजींना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. फोन शेजारच्या काचेच्या टेबलावर ठेवला आणि मोजमापात व्यत्यय नको म्हणून महाराजांनी त्याचा आवाज बंद करून टाकला.

मग न्हाणीघरातला वजनकाटा आला. सुनेने तो कपाटाच्या बाजूला उभा धरून हळूहळू जोर लावायचा आणि महाराजांनी आकडा टिपायचा. वीस किलो झाले, तीस झाले. कपाट ढिम्म.

"अहो, जोरात हिसका देऊ का?"

"छे! हिसका दिलास की आकडा गेला. हे अकरा वर्षं इथे बसलंय, जमिनीशी घट्ट मैत्री झालीय त्याची. सुटायलाच जोर लागतो, एकदा सुटलं की निम्म्यात काम."

चाळीसलाही हलेना, तेव्हा त्यांनी अंगाला लावायच्या पावडरीचा अख्खा डबा कपाटाच्या पायांशी रिकामा केला आणि स्वतःही खांदा लावला. कपाट सुटलं. सुटल्यावर निम्म्यात काम होतं हे महाराज बावीस वर्षं शिकवत आले होते, पण जोर निम्मा करायचं दोघांनाही सुचलं नाही. भिंतीला धरून कपाट सर्रकन गेलं, दार अडवून कोरड्या फरशीवर थबकलं आणि तिथे रुतून बसलं. दारात वीतभर फट उरली. यंत्र सापडलं, सुनेच्या मुठीतही आलं. फक्त आजी पलीकडे होत्या.

आता कपाट मागे ओढायचं. पण कपाट होतं कोरड्या फरशीवर आणि ही दोघं पावडरीत. महाराजांनी ओढलं की कपाट जागच्या जागी आणि महाराजच त्याच्याकडे सरकत. सुनेने त्यांची कंबर धरली, तर दोघंही सरकली आणि शेवटी खाली बसली.

पाच वाजले. फटीतून टेबल दिसत होतं. फोन थरथरला. दोघांनी मिळून आईला हाका मारल्या. आजी डोळे मिटून नामस्मरणात दंग. फोन थांबला, पुन्हा थरथरला. महाराजांचा चेहरा पडला. "माझ्यामुळे हुकलं गं तिचं," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात सुनेने त्यांचा दंड धरला. थरथरीसरशी फोन काचेवर तसूतसूने पुढे चालला होता. कडेला आला, डुलला आणि अलगद आजींच्या मांडीवर पडला. आजींनी डोळे उघडले. हिरवं बटण तेवढं त्यांना ठाऊक होतं.

पलीकडून बारीक आवाजात गाणं सुरू झालं. आजींना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, पण फोनच्या पडद्यावर त्या चिमुकल्या हातांच्या टाळ्या बघत होत्या. दुसऱ्याच ओळीला त्यांनी ताल धरला, तिसरीला स्वतःच गाऊ लागल्या, अर्धी ओळ पुढे. पणती न बावरता मागून येत राहिली. आत पावडरीत बसलेल्या दोघांनी सगळं गाणं ऐकलं आणि कुणीच उठायची घाई केली नाही.

फोन ठेवून आजी फटीशी आल्या. सुनेने यंत्र त्यांच्या हातात दिलं. ते कानात बसवून त्यांनी पांढऱ्याफटक मुलाला आणि सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अरे, कपाट आधी रिकामं करायचं असतं," त्या म्हणाल्या.

महाराजांनी कपाटाकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुझ्या लक्षात आलं नव्हतं?"

"आलं होतं की," ती पदराने नाकावरची पावडर पुसत म्हणाली. "पण मला वाटलं, तुमच्या शास्त्रात भरलेलंच ढकलतात."